पांदणीचा निकाल फोनमध्ये शोधताना

(कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

मृग बरसला, तिफण बाहेर निघाली आणि नेमकी त्याच दिवशी शेताची वाट बंद झालेली दिसली. शेजाऱ्याने धुऱ्यालगत नाली खोदली आहे, वर बोराटीच्या काट्या टाकल्या आहेत. बैलगाडी अडते, ट्रॅक्टरचा तर प्रश्नच नाही. कामरगावच्या शिवारात काय किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात काय, पेरणीच्या तोंडावर उपटणारे हे भांडण जुने आहे. पूर्वी माणूस पोलीस पाटलाकडे जाई, तलाठ्याकडे जाई, चार भाऊबंद बसवी आणि काहीच निभले नाही तर कारंज्याला वकिलाची पायरी चढे. आता तो धुऱ्यावर उभ्याउभ्या आधी खिशातला फोन काढतो आणि मराठीत टाइप करतो: 'शेतरस्ता अडवला, काय करावे'.

उत्तरे धडाधड येतात. एक व्हिडिओ सांगतो, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम १४३ लावा. दुसरा सांगतो, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधले कलम ५ लावा. दोघेही तहसीलदाराकडेच पाठवतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की दोन्ही एकच. तसे नाही. शेताला मुळात वाटच नाही, ती दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून मिळावी, अशी मागणी असेल तर कलम १४३. वाट होती, वापरात होती आणि कोणी ती बेकायदा अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम. या दुसऱ्या कायद्यात एक मुदत आहे: अडथळा झाल्यापासून सहा महिने. ही मुदत चुकली की त्या कायद्याखालचा दावा ऐकला जात नाही. कलम १४३ खाली तहसीलदाराचा निर्णय मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. चुकीच्या कलमाचा अर्ज घेऊन हेलपाटे घालण्यात सहा महिने कसे निघून जातात, हे ज्याच्यावर बेतते त्याला सांगावे लागत नाही.

कायद्याचा शोध आता मोबाइलवर आला आहे आणि तो आला हे फार चांगले झाले. पण फोनमध्ये कायदा सापडणे आणि आपल्या शेताचा कायदा सापडणे यांत जे अंतर आहे, तेच या व्याख्यानाचा विषय आहे.

अशा व्याख्यानमाला ज्या पिढीची आठवण जागवतात, त्या पिढीतल्या तालुक्याच्या वकिलाला निकाल शोधायचा म्हणजे कपाट उघडावे लागे. कपाटात लाल-तपकिरी पुठ्ठ्याचे जाडजूड खंड असत आणि वऱ्हाडाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की ते खंड नागपूरचे असत. 'ऑल इंडिया रिपोर्टर', वकिलांच्या तोंडी 'एआयआर', ही चितळे घराण्याने उभी केलेली प्रकाशनसंस्था. तिच्या खंडांची मालिका १९१४ सालापासूनची. दिवाणी प्रक्रिया संहितेवरचे चितळ्यांचे भाष्य देशभरच्या न्यायालयांत उघडले गेले. लाहोरपासून मद्रासपर्यंतच्या उच्च न्यायालयांचे निकाल एकत्र करून विषयवार लावणे, प्रत्येकाच्या डोक्यावर सार लिहिणे आणि अनुक्रमणिका बांधणे हे काम माणसांनी हाताने केले. आज ज्याला 'सर्च' म्हणतात, त्याचे शेकडो हातांनी केलेले रूप म्हणजे ती अनुक्रमणिका.

'एआयआर १९७३ एससी १४६१' ही ओळ पाहावी. वर्ष, न्यायालय आणि पानाचा आकडा, एवढेच तिच्यात आहे. पण एवढ्यावर देशातला कोणताही वकील केशवानंद भारतीच्या निकालापर्यंत पोहोचत असे, अट एकच, की तो खंड कपाटात हवा. तालुक्याच्या बार रूममध्ये सगळे खंड क्वचितच असत. नसलेल्या निकालासाठी जिल्ह्याला जावे लागे, नाहीतर नागपूर गाठावे लागे. ज्या काळी शकुंतला रेल्वे यवतमाळहून कारंज्यावरून मूर्तिजापूरपर्यंत धावत होती, त्या काळी कारंज्याच्या माणसाला ती गाडी पकडून मूर्तिजापूरला उतरायचे आणि तिथून मोठ्या मार्गाची गाडी धरून नागपूर, असा प्रवास होता. एका सायटेशनसाठी दोन दिवस मोडणे ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती.

हे कपाट सर्वांसाठी उघडले ते एका खटल्यामुळे, आणि त्या खटल्याच्या नावात एक मराठी आडनाव आहे: 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक'. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापणाऱ्या लखनौच्या नामांकित प्रकाशनसंस्थेने तक्रार केली होती की तिच्या ग्रंथांतले निकाल सीडीवर उतरवून विकले जात आहेत. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेघ आखून दिली. न्यायाधीशांनी लिहिलेला मूळ निकाल कोणाच्या मालकीचा नाही, तो कोणीही छापावा. प्रकाशकाने त्यावर स्वतःच्या बुद्धीने घातलेली भर, म्हणजे वर लिहिलेले सार, परिच्छेदांची केलेली मांडणी, कोणत्या न्यायाधीशाचे मत कोणाशी जुळते याच्या नोंदी, एवढी मात्र प्रकाशकाची.

त्यानंतर महिनाभरातच, जानेवारी २००८ मध्ये, सुशांत सिन्हा या संगणक अभियंत्याचे 'इंडियन कानून' सुरू झाले. शब्द टाका, निकाल वाचा, पैसे नाहीत. वर्गणी घेणारी 'एससीसी ऑनलाइन' आणि 'मनुपात्रा' आजही मोठ्या वकिलांच्या कामाची आहेत, कारण कोणता निकाल पुढे बदलला गेला याची खूण तिथे संपादक करून ठेवतात. पण तालुक्याच्या कोर्टात नुकतीच सनद घेऊन आलेल्या मुलीला वर्गणी परवडत नाही. तिच्या फोनमध्ये 'इंडियन कानून' असते आणि मोडक खटल्यातली ती रेघ नसती तर ते असे मोकळेपणाने उभे राहिले नसते.

सरकारी बाजूही मागे राहिली नाही. २ जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपला अधिकृत 'सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स' ई-एससीआर या नावाने सर्वांना फुकट खुला केला, तोही १९५० पासूनचा. त्याच वर्षी निकालांना प्रकाशकनिरपेक्ष क्रमांक देणे सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निकालावर आता वर्षानंतर 'बीएचसी-एनएजी' ही अक्षरे आणि पुढे आकडा असतो. हा आकडा कुठल्या पुस्तकाच्या पानाचा नाही, तो निकालाचाच आहे. कामरगावात बसलेल्या माणसाने आणि नागपुरातल्या ज्येष्ठ वकिलाने एकच क्रमांक टाकला तर एकच मजकूर उघडतो.

पक्षकाराच्या रोजच्या कामाचे ॲप मात्र वेगळे आहे. ते 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस'. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मे २०२१ मध्ये त्याची माहितीपुस्तिका १४ भाषांत काढली, त्यांत मराठी आहे. तोपर्यंतच ते ५७ लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा आणि आकड्यांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा टाकला की प्रकरण कोणत्या कोर्टात आहे, मागच्या पेशीला काय झाले, पुढची पेशी कधी आणि कोणता आदेश झाला, हे दिसते. 'माय केसेस' मध्ये प्रकरण साठवून ठेवता येते. पेशी आहे की नाही हे बघायला मजुरी बुडवून कारंज्याला जायचे आणि साहेब रजेवर आहेत हे ऐकून परतायचे, हा त्रास त्याने पुष्कळ वाचवला.

इथेच एक छोटी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पक्षकार ॲप उघडतो आणि टप्प्याच्या रकान्यात त्याला 'अनरेडी बोर्ड' असे दिसते. तो घाबरून वकिलाला फोन करतो: आपली तयारी नाही म्हणून केस गेली का? केस कुठेच गेलेली नसते. ती त्या काळापुरती सुनावणीच्या क्रमात लागलेली नसते, इतकेच. माहिती पोहोचली, अर्थ पोहोचला नाही. दोन साध्या मराठी ओळी त्या रकान्याखाली असत्या तर तो फोन करावा लागला नसता आणि त्या रात्रीही त्याला शांत झोप लागली असती.

भाषेचा प्रश्न इतक्या लहान जागेतून सुरू होतो आणि थेट राज्यघटनेपर्यंत जातो. अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी महाराष्ट्र शासनाची अधिसूचना १९९८ ची आहे, ज्या वर्षी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षाची. म्हणजे कारंज्याच्या कोर्टात साक्ष मराठीत होते आणि त्या साक्षीला लागू होणारा नागपूरचा निकाल इंग्रजीत असतो. निकालांचे ॲप शोधते ते इंग्रजीतल्या निकालात. शेतकऱ्याचे दुःख 'वहिवाट' या शब्दात आहे. कायद्याच्या प्राधिकृत मराठीत त्याला 'सुविधाधिकार' म्हणतात आणि निकालात 'ईझमेंट'. एकाच वाटेची ही तीन नावे. पहिले नाव टाकले तर हाती व्हिडिओ येतात, दुसरे टाकले तर एखादे परीक्षेचे गाईड येते आणि तिसरे, तेही बरोबर इंग्रजी स्पेलिंगने टाकले, तरच निकाल येतात.

अनुभवी वकील यावर एक युक्ती करतात आणि ती नव्या माणसाने शिकून घ्यावी अशी आहे. नागपूरच्या निकालांत काही वऱ्हाडी शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे येतात. 'धुरा' हा त्यातला एक. पश्चिम महाराष्ट्रात 'बांध' म्हणतात, तिकडच्या निकालांत तो शब्द सापडतो. 'पांदण' तर निरनिराळ्या स्पेलिंगांनी लिहिलेली असते. म्हणून नुसते कायद्याचे नाव न टाकता त्याच्यासोबत हा गावचा शब्द रोमन लिपीत, दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहिला तर आपल्यासारख्याच शिवारातला, आपल्यासारख्याच भांडणाचा निकाल वर येतो. जो गावचा शब्द जाणतो आणि इंग्रजी निकालही वाचू शकतो, असा माणूस इथे उपयोगी पडतो. ॲपने त्याची गरज कमी केलेली नाही.

निकाल सापडला तरी तो आज उभा आहे का, हे पाहणे राहतेच. सर्वांत जास्त घरे ज्या प्रश्नाने विस्कटतात, तो मुलींच्या हिश्शाचा प्रश्न घ्यावा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट उरली नाही. मग प्रश्न आला: वडील त्या तारखेआधी वारले असतील तर? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये 'प्रकाश विरुद्ध फुलवती' या प्रकरणात सांगितले की त्या दिवशी वडीलही हयात हवेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'दानम्मा' प्रकरणात २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना हिस्सा मिळाला. दोन निकाल, दोन दिशा. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने वाद संपवला: हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित.

आता कल्पना करावी की लग्न होऊन मूर्तिजापूरला गेलेल्या बहिणीने हिस्सा मागितला आणि भावाने फोनवर शोधले. त्याला २०१५ चा निकाल सापडला. तो खरा आहे, सर्वोच्च न्यायालयाचाच आहे, त्यातले वाक्यही त्याच्या बाजूचे आहे. त्याने ते व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवले आणि तिने मान खाली घालून विषय सोडला. हे होऊ शकते आणि होता कामा नये. 'इंडियन कानून' मध्ये प्रत्येक निकालाबरोबर त्याचा उल्लेख करणाऱ्या पुढच्या निकालांची यादी मिळते. ती उघडून सर्वांत नवे निकाल आधी वाचणे, हे एक काम केले तरी २०२० चा निकाल डोळ्यांसमोर येतो. त्या बहिणीच्या फोनमध्येही तेच ॲप फुकट आहे, हे तिला कोणी तरी सांगायला हवे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले आणि कलमांचे आकडे हलले. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. यापेक्षा जास्त गोंधळ करणारे आकडे ते, जे दोन्हीकडे आहेत पण अर्थ निराळा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जमावबंदीचे १४४ सर्वांना पाठ होते. नव्या संहितेत १४४ म्हणजे बायको, मुले, आईवडील यांची पोटगी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 'संकलन' ॲप जुने आणि नवे कलम शेजारी शेजारी दाखवते. पोलिसांसाठी ते जितके उपयोगी, तितकेच पोटगीसाठी अर्ज लिहिणाऱ्या बाईसाठीही.

यापुढची पायरी म्हणजे प्रश्न विचारला की लगेच उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप. ती मराठीत बोलतात, म्हणून गावात त्यांचे आकर्षण मोठे आहे. 'वहिवाट' हा शब्द त्यांना कळतो. पण ती कधी कधी नसलेला निकाल रचून देतात, पक्षकारांची नावे आणि वर्षासह. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अशा बनावट निकालांचा आधार घेणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर के.एम.जी. वायर्स या कंपनीचे प्रकरण आले. तिच्याविरुद्धच्या प्राप्तिकर आदेशात आधाराला घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि यंत्राने दिलेले उत्तर ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये असे बजावले. एका मोठ्या कंपनीकडे हे शोधून काढणारे वकील होते. वाटेच्या दाव्यात समोरच्याने असा रचलेला निकाल पुढे केला तर तालुक्यातल्या शेतकऱ्याला तो ओळखण्याचे एकच साधन आहे: निकालाचा क्रमांक मागायचा, तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकायचा आणि निकाल उघडतो का ते पाहायचे.

असे सारे असताना काय करता येईल? 'न्याय व्यवहार कोश' हा भाषा संचालनालयाचा मोठा ग्रंथ आहे, पण त्यात इंग्रजीकडून मराठीकडे वाट आहे. शेतकऱ्याला उलटी वाट हवी. धुरा, पांदण, वहिवाट, फेरफार, हिस्सा, वाटणीपत्र, गहाण, ठेका असे तीन-चारशे शब्द, त्यांच्यापुढे निकालात येणारे इंग्रजी शब्द आणि त्यांची स्पेलिंगे, एवढी यादी एखाद्या विधी महाविद्यालयाने विदर्भापुरती केली तरी शोध कितीतरी नेमका होईल. सर्वोच्च न्यायालय आपले निकाल 'सुवास' या प्रणालीच्या मदतीने मराठीत आणत आहे, ते मोलाचे काम आहे. मात्र 'सहदायाद' हा शब्द वाचून बहिणीला आपला हिस्सा ओळखू येत नाही. अनुवादाच्या वर चार ओळींचे सार तिच्या बोलीत हवे. ते सार लिहिणे हे चितळ्यांच्या काळासारखेच माणसांचे काम आहे आणि गावच्या वाचनालयात, शाळेच्या शिक्षकांनी, निवृत्त शिरस्तेदारांनी, नव्या वकिलांनी ते मिळून करावे.

तोपर्यंत ज्याला वकील परवडत नाही त्याने दोन गोष्टी फोनमध्ये ठेवाव्यात. एक, 'टेलि-लॉ' चे ॲप. नागरिकाला त्यातून वकिलाचा सल्ला विनाशुल्क मिळतो. दुसरी, १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मागता येतो.

आणि धुऱ्यावरच्या त्या माणसाने? त्याने फोनचा पहिला उपयोग शोधासाठी न करता कॅमेऱ्यासाठी करावा. नाली, काट्या आणि त्यामागची चाकोरी, तिन्ही दिसतील असा फोटो त्याच दिवशी काढावा, म्हणजे अडथळ्याची तारीख पक्की होते. मग सातबारा आणि गावनकाशा काढावा. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याची तरतूद केली आहे. असे शासन निर्णय निकालांच्या ॲपमध्ये सापडत नाहीत, त्यांचे संकेतस्थळ वेगळे आहे. वाट २० जूनला अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियमाखालचा दावा २० डिसेंबरच्या आत तहसीलदारापुढे गेला पाहिजे. तोवर सोयाबीन निघून त्याच शेतात हरभरा उभा असतो.